चामखीळ : स्वरूप, लोकोपचार आणि शास्त्रीय उपचार
(नागपूर परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

चामखीळ हा सर्वसामान्यपणे आढळणारा, बहुधा निरुपद्रवी परंतु चिवट असा त्वचाविकार आहे. मराठीत 'चामखीळ' हा एकच शब्द परस्परांहून भिन्न अशा अनेक वाढींसाठी वापरला जातो. एका वाढीवर लागू पडलेला उपाय दुसऱ्या वाढीवर केला जातो आणि त्यातून अपाय संभवतो. प्रस्तुत लेखात चामखिळीचे कारण, प्रकार, प्रसार, विदर्भात रूढ असलेले लोकोपचार आणि आधुनिक वैद्यकातील उपचार यांचा परामर्श घेतला आहे. उपचाराचा निर्णय अचूक निदानानंतरच व्हावा, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : चामखीळ, चर्मकील, पॅपिलोमा विषाणू, कुरूप, लोकोपचार, सॅलिसिलिक आम्ल, शीतोपचार.

प्रस्तावना

त्वचा हा मानवी शरीराचा सर्वांत मोठा अवयव होय. तो सर्वांत दृश्य अवयवही असल्यामुळे त्यावरील लहानशी वाढदेखील व्यक्तीच्या मनात संकोच निर्माण करते. चामखिळीने जीव जात नाही, म्हणून वैद्यकीय चर्चेत तिला गौण स्थान मिळते. ती दिसते, पसरते आणि गेली असे वाटत असतानाच पुन्हा येते, म्हणून घरगुती चर्चेत मात्र तिला मोठे स्थान आहे. नागपूर शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले 'मेडिकल', १९४७ सालापासून कार्यरत आहे. इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे मेयो रुग्णालयही शहराच्या मध्यवर्ती भागात आहे. असे असूनही चामखीळ झालेली व्यक्ती प्रथम वळते ती शेजाऱ्यांच्या सल्ल्याकडे, घरातील चुन्याच्या डबीकडे किंवा जडीबुटी विकणाऱ्याकडे. हा क्रम केवळ अज्ञानातून आलेला नाही. अनेकदा घरगुती उपायानंतर चामखीळ खरोखरच नाहीशी झालेली असते. असे का घडते, याचे उत्तर शोधल्याशिवाय लोकशिक्षण परिणामकारक होणार नाही.

उद्दिष्टे

१. 'चामखीळ' या संज्ञेखाली येणाऱ्या निरनिराळ्या वाढींमधील भेद स्पष्ट करणे.
२. विषाणुजन्य चामखिळीची कारणमीमांसा व प्रसाराची रीत समजून घेणे.
३. प्रचलित लोकोपचारांचे शास्त्रीय दृष्टीने परीक्षण करणे.
४. उपलब्ध उपचारांची उपयुक्तता व मर्यादा मांडणे.

प्रस्तुत लेख दुय्यम साधनांवर आधारित असून त्याचे स्वरूप विवेचनात्मक आहे.

एक शब्द, अनेक विकार

'चामखीळ' या शब्दाचे मूळ संस्कृतातील 'चर्मकील' या शब्दात आहे. चर्म म्हणजे कातडे आणि कील म्हणजे खिळा. कातडीत ठोकलेल्या खिळ्यासारखी दिसणारी वाढ ती चामखीळ. सुश्रुतसंहितेत चर्मकील, मशक, तिलकालक व जतुमणी अशी निरनिराळी नावे येतात. त्वचेवरील वाढी एकसारख्या नाहीत, याची जाण प्राचीन शल्यविदांना होती. बोलीच्या ओघात मात्र हे भेद पुसट झाले. आज सामान्य व्यवहारात पुढील किमान तीन गोष्टींची गल्लत होते.

पहिली गोष्ट म्हणजे खरी, विषाणुजन्य चामखीळ. ती खरखरीत, कडक व फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या पृष्ठभागाची असते. बोटे, हाताची मागील बाजू, नखांच्या कडा, गुडघे व तळपाय ही तिची नेहमीची ठिकाणे होत.

दुसरी गोष्ट म्हणजे लोंबता मस. तो मऊ, त्वचेच्याच रंगाचा किंवा किंचित काळसर असून बारीक देठावर लोंबतो. मान, काख व जांघ या घडीच्या जागी तो आढळतो. स्थूलपणा, मधुमेह व गर्भावस्था यांच्याशी त्याचा संबंध दिसतो. तो एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीस होत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे कुरूप. चपलेचा किंवा बुटाचा दाब एकाच जागी सतत पडल्याने तेथील कातडी जाड होते आणि तिचा शंकूसारखा गाभा आत रुतून दुखू लागतो. कुरूप हा संसर्ग नसून दाबाचा परिणाम आहे.

तळपायावरील चामखीळ व कुरूप यांतील फरक ओळखण्याच्या काही साध्या खुणा आहेत. कुरुपावर सरळ दाब दिला असता अधिक दुखते, तर चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली असता अधिक दुखते. तळपायाच्या कातडीवरील नैसर्गिक रेषा कुरुपावरून अखंड जातात, पण चामखिळीपाशी येऊन त्या तुटतात. वरचा मृत थर खरवडल्यास चामखिळीत काळे ठिपके दिसतात. लोक या ठिपक्यांना 'मूळ' किंवा 'बी' समजतात. वस्तुतः ते रक्त गोठलेल्या सूक्ष्म केशवाहिन्यांचे अग्र होत. चामखीळ ही त्वचेच्या बाह्य थराचीच वाढ असल्याने तिला मुळे नसतात. म्हणून 'मूळ उपटून काढण्याच्या' प्रयत्नाला काही अर्थ उरत नाही. त्यातून फक्त जखम वाढते.

चामखिळीचे कारण

चामखिळीचे कारण 'ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस' म्हणजेच एचपीव्ही हा विषाणू होय. इटालियन वैद्य जुझेप्पे चुफो यांनी १९०७ साली चामखिळीचा अर्क पेशी अडवणाऱ्या गाळणीतून गाळून स्वतःच्याच शरीरात टोचला. तेथे चामखीळ उगवली. पेशी व जिवाणू गाळणीत अडकले असतानाही रोग संक्रमित झाला, त्यावरून त्याचे कारण जिवाणूंहून सूक्ष्म असले पाहिजे हे सिद्ध झाले.

पुढे या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार ओळखण्यात आले व त्यांना क्रमांक देण्यात आले. हातापायांवरील नेहमीच्या चामखिळी मुख्यतः १, २, ४, २७ व ५७ या प्रकारांमुळे होतात. चपट्या चामखिळी ३ व १० या प्रकारांमुळे, तर जननेंद्रियांवरील चामखिळी बहुतांशी ६ व ११ या प्रकारांमुळे होतात. मांस हाताळणाऱ्या खाटिकांच्या हातांवरील चामखिळींत ७ हा प्रकार विशेषत्वाने आढळतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंधित असलेले १६ व १८ हे प्रकार याच कुळातील असले तरी त्यांची शाखा वेगळी आहे. हा संबंध प्रस्थापित करणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिकाने गौरविण्यात आले.

हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. एचपीव्हीचे नाव कर्करोगाच्या संदर्भात ऐकल्यावर मुलाच्या बोटावरील चामखिळीमुळे पालक भयभीत होऊ शकतात. हातापायांवरील साध्या चामखिळीचे रूपांतर निरोगी व्यक्तीत सहसा कर्करोगात होत नाही. उलटपक्षी, गर्भाशयमुखाच्या संसर्गाची कोणतीही खूण बाहेर दिसत नसल्याने तेथे तपासणीलाच महत्त्व आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांत ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेला अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एकवेळच्या एचपीव्ही तपासणीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटल्याचे त्यात दिसून आले. एकाच कुळातील एका विषाणूविषयी निश्चिंत राहावे आणि दुसऱ्याविषयी सावध, असा हा विवेक आहे.

प्रसाराची रीत

पॅपिलोमा विषाणू रक्तात पसरत नाही. त्वचेवरील सूक्ष्म ओरखड्यातून तो बाह्य त्वचेच्या तळाशी असलेल्या पेशींत शिरतो. पेशी वर सरकत जातात, तशी त्याची वाढ होते आणि शेवटी मृत कातडीच्या कपच्यांबरोबर तो बाहेर पडतो. या विषाणूस स्निग्ध आवरण नसल्यामुळे तो कोरड्या पृष्ठभागावरही दीर्घकाळ टिकाव धरतो. संसर्ग झाल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत काही आठवड्यांपासून वर्षभराहून अधिक काळ जाऊ शकतो. त्यामुळे ती नेमकी कोणाकडून आली, हे सांगणे बहुधा अशक्य असते.

ओली, भिजून मऊ झालेली कातडी विषाणूस सहज वाट देते. नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत व त्यापुढे जातो. त्या दिवसांत जलतरण तलावांवर गर्दी होते. तेथील ओल्या फरशीवरून अनवाणी चालणे हे तळपायाच्या चामखिळीचे जगभर मान्य झालेले निमित्त आहे. दिवसभर भांडी घासणारे किंवा पाण्यात काम करणारे हातही याच कारणाने संसर्गास अनुकूल होतात. घरात सर्वांसाठी एकच वज्री किंवा पाय घासण्याचा दगड असणे हे आणखी एक निमित्त होय.

चामखीळ एकाच व्यक्तीच्या शरीरावरही पसरते. नखे कुरतडणाऱ्या मुलांमध्ये नखांच्या कडांवर आणि कधी ओठांवर ती दिसते. चपट्या चामखिळी खाजवल्यास ओरखड्याच्या रेषेत नव्या चामखिळींची रांग उगवते. दाढी करताना वस्तऱ्याने चामखीळ कापली गेल्यास विषाणू संपूर्ण हनुवटीवर पेरला जातो. केशकर्तनालयात प्रत्येक ग्राहकासाठी नवे पाते वापरण्याचा आग्रह धरणे त्यामुळेच योग्य ठरते. या आग्रहाने रक्तातून पसरणाऱ्या काविळीसारख्या अधिक गंभीर रोगांनाही आळा बसतो.

लोकोपचार : परीक्षण

महाराष्ट्रात चामखिळीवर केल्या जाणाऱ्या उपायांत घोड्याचा केस बांधणे हा सर्वांत प्रसिद्ध उपाय होय. केसाचा फास घट्ट आवळला असता वाढीचा रक्तपुरवठा थांबतो व काही दिवसांत ती काळी पडून गळते. या कृतीमागील तत्त्व खोटे नाही, परंतु ते लागू पडते ते देठ असलेल्या लोंबत्या मसाला. बोटावरील रुंद बुडाच्या विषाणुजन्य चामखिळीभोवती असा फास बसतच नाही. बसवला तरी वरचा भाग तुटतो, विषाणू मात्र भोवतालच्या कातडीत तसाच राहतो. मानेवरचा मस गळालेला पाहून बोटावरच्या चामखिळीलाही केस बांधला जातो. याचे मूळ दोन्हींना एकच नाव असण्यात आहे. शिवाय धनुर्वाताचे बीजाणू घोड्याच्या लिदीत व तबेल्याच्या मातीत आढळतात. तबेल्यातून आणलेला केस जखमेभोवती आवळणे त्यामुळे निर्धोक म्हणता येत नाही.

दुसरा उपाय बिब्ब्याचा. बिब्ब्याची झाडे विदर्भाच्या जंगलात आढळतात. किराणा व जडीबुटीच्या दुकानांत बिब्बे विकत मिळतात. बिब्ब्याचे तेल कातडीस भाजते आणि अनेक व्यक्तींमध्ये त्याची तीव्र प्रतिक्रियाही उमटते. यालाच 'बिब्बा उतणे' म्हणतात. चामखिळीवर लावलेला थेंब ओघळून भोवती फोड येतात आणि पुढे काळे चट्टे राहतात. बिब्ब्याचा हात डोळ्यांना लागल्यास प्रसंग गंभीर होतो.

चुना व धुण्याचा सोडा यांचे मिश्रण, रुईचा चीक, ठेचलेली लसूण आणि पेटत्या उदबत्तीचा चटका हे उपायही याच जातीचे होत. या सर्वांचे तत्त्व एकच आहे : वाढीच्या पेशी जाळणे. रुग्णालयातील उपचारही पुष्कळ अंशी याच तत्त्वावर चालतात. सुश्रुतसंहितेतही चर्मकील व मशक शस्त्राने काढून ती जागा क्षाराने वा अग्नीने दग्ध करण्याचा निर्देश आहे. परंतु तेथे क्षार तयार करण्याची कृती, त्याचे मृदू, मध्यम व तीक्ष्ण असे प्रकार आणि तो कोणास देऊ नये याचेही विवेचन आहे. लोकोपचारात तत्त्व उरले, पण मात्रा, खोली व निषेध यांचे भान सुटले. आयुर्वेदीय क्षारकर्म करावयाचे असल्यास ते शल्यतंत्राचे शिक्षण घेतलेल्या वैद्याकडूनच करून घ्यावे. घरातील चुना-सोडा हा त्याचा पर्याय नव्हे.

या अपायाला एक सामाजिक बाजूही आहे. सावळ्या त्वचेवर खोल भाजल्याची जागा बरी होताना कधी काळी, तर कधी पांढरी होते. आपल्या समाजात पांढऱ्या डागाकडे 'कोड' म्हणून पाहिले जाते. विवाहयोग्य मुलीच्या हातावरील अशा डागाचा जाच मूळ चामखिळीपेक्षा कितीतरी अधिक ठरू शकतो.

मंत्र, अंगारा आणि आपोआप बरे होणे

काही ठिकाणी मंत्रून दिलेला दोरा, अंगारा किंवा उतारा यांमुळे चामखिळी गेल्याचे सांगितले जाते. सांगणारी व्यक्ती बहुधा खोटे बोलत नसते. कारण चामखिळीचा स्वभावच असा आहे की, शरीराच्या प्रतिकारयंत्रणेस विषाणूची ओळख पटली की ती आपोआप विरून जाते. मुलांमध्ये सुमारे दोनतृतीयांश चामखिळी दोन वर्षांत कोणत्याही उपचाराविना नाहीशा होतात. अनेक चामखिळी असल्यास त्या एकाच वेळी जाताना दिसतात. त्यापूर्वी जो उपाय केला असेल त्याला श्रेय मिळते. उपाय केल्यानंतर बरे वाटणे आणि उपायामुळे बरे होणे यांतील हा फरक वैज्ञानिक दृष्टिकोनाचा पाया आहे. १९८२ साली स्थापन झालेल्या व नागपूर येथे मुख्यालय असलेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीसारख्या संघटनांनी हीच कार्यकारणाची चिकित्सा लोकांपर्यंत नेण्याचा प्रयत्न केला आहे.

हीच कसोटी औषधांनाही लागू होते. होमिओपॅथीतील 'थुजा' हे औषध चामखिळीसाठी मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. कॅनडातील क्यूबेक प्रांतात तळपायाच्या चामखिळींवर थुजासह तीन होमिओपॅथिक औषधांची चाचणी झाली. ती १९९२ साली प्रसिद्ध झाली. औषध घेणारे व औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी घेणारे यांच्यात फरक आढळला नाही. चिकटपट्टी लावून ठेवण्याचा उपाय २००२ सालच्या एका अमेरिकन अभ्यासाने लोकप्रिय केला, परंतु नंतरच्या चाचण्यांत त्याची पुष्टी झाली नाही.

वैद्यकीय उपचार

पॅपिलोमा विषाणूचा शरीरातून समूळ नायनाट करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. सर्व उपचारांचा हेतू बाधित कातडी काढणे किंवा प्रतिकारशक्तीस जागे करणे हा असतो.

(अ) प्रतीक्षा : निरोगी मुलास एखाद-दुसरी न दुखणारी चामखीळ असल्यास काहीही न करता वाट पाहणे हा मान्यताप्राप्त पर्याय आहे.

(आ) सॅलिसिलिक आम्ल : हा घरी करता येण्याजोगा, स्वस्त व पुरेसा अभ्यासलेला उपचार होय. सॅलिसिलिक व लॅक्टिक आम्ल प्रत्येकी १६.७ टक्के असलेला लेप औषधाच्या दुकानात मिळतो. चामखिळीची जागा पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवावी. वरचा पांढरा मृत थर वेगळ्या ठेवलेल्या घासणीने हलकेच काढावा. भोवतालच्या निरोगी त्वचेस व्हॅसलीन लावून केवळ चामखिळीवर औषधाचा थेंब द्यावा. हा क्रम रोज, सुमारे बारा आठवडे चालवावा लागतो. आग होऊन जागा लाल झाल्यास काही दिवस थांबावे. पंधरवड्यात गुण न आल्यामुळे औषध सोडून देणे हे अपयशाचे एक मोठे कारण आहे. चेहरा व जननेंद्रिये येथे हे औषध लावू नये. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने पायाची संवेदना गेलेल्या रुग्णांनी हे औषध आणि कुरुपावर लावावयाची 'कॉर्न कॅप' वैद्यकीय सल्ल्याविना मुळीच वापरू नये. संवेदना नसलेल्या पायाला भाजल्याचे कळत नाही. त्यातून व्रण होऊन बोट किंवा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

(इ) शीतोपचार : उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनने चामखीळ गोठवली जाते. साधारणतः दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने अनेकदा हा उपचार करावा लागतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत तेरा आठवड्यांनंतर हातापायांवरील साध्या चामखिळी शीतोपचाराने ४९ टक्के, सॅलिसिलिक आम्लाने १५ टक्के आणि केवळ प्रतीक्षेने ८ टक्के रुग्णांत बऱ्या झाल्या. तळपायाच्या चामखिळींत मात्र हेच प्रमाण अनुक्रमे ३०, ३३ व २३ टक्के असे होते. २०११ सालच्या ब्रिटिश चाचणीत तळपायाच्या चामखिळींवर शीतोपचार व ५० टक्के सॅलिसिलिक आम्ल या दोहोंचे यश बारा आठवड्यांनंतर सारखेच, म्हणजे १४ टक्के आढळले. तळपायाच्या चामखिळीसाठी महाग उपचार सरस ठरेलच असे नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. शीतोपचारानंतर त्वचेचा रंग फिका पडू शकतो, याची कल्पना रुग्णास आधीच देणे आवश्यक आहे.

(ई) विद्युतदहन व लेसर : जागा बधिर करून चामखीळ जाळली वा खरवडली जाते. परिणाम तत्काळ दिसतो, परंतु व्रण राहू शकतो आणि पुनरुद्भवही होतो. जळणाऱ्या ऊतींच्या धुरात विषाणूचे अंश असू शकतात. म्हणून मुखपट्टी व धूर ओढून घेण्याची सोय आवश्यक मानली जाते.

(उ) प्रतिकारोपचार : अनेक व हट्टी चामखिळींसाठी भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या दिशेने लक्षणीय काम केले आहे. गोवर-गालफुगी-रुबेला लस, बीसीजी किंवा जीवनसत्त्व ड-३ चामखिळीत टोचून त्या निमित्ताने प्रतिकारशक्तीस उद्युक्त केले जाते. एका ठिकाणी टोचले असता दूरच्या चामखिळीही विरताना दिसतात. याच मालिकेतील 'मायकोबॅक्टेरियम डब्ल्यू' ही लस विदर्भाच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत डॉ. जी. पी. तलवार यांच्या नेतृत्वाखाली ती मुळात कुष्ठरोगासाठी विकसित करण्यात आली. पुढे त्या जिवाणूचे नामकरण 'मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्रानी' असे झाले. कुष्ठरोगाशी दीर्घ झुंज दिलेल्या या प्रदेशात, त्याच संशोधनाचा उपयोग चामखिळीसारख्या क्षुल्लक मानलेल्या विकारासाठीही व्हावा, ही बाब विज्ञानाच्या वाटचालीवर प्रकाश टाकणारी आहे. हे उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवेत.

चामखिळीसारखे दिसणारे गंभीर विकार

निदानाचा आग्रह धरण्याचे सर्वांत सबळ कारण येथे आहे. हात, पाय, गुडघा किंवा नितंब यांवर महिनोन्महिने संथपणे पसरणारा एकच खरखरीत, चामखिळीसारखा चट्टा त्वचेच्या क्षयरोगाचा असू शकतो. क्षयाचे जंतू अनवाणी पायाच्या जखमेतून शिरून असा चट्टा निर्माण करतात. त्यावर कितीही जाळपोळ केली तरी तो बरा होत नाही. तुकडा तपासून निदान झाल्यास मात्र क्षयरोगाच्या औषधांनी तो पूर्ण बरा होतो. चाळिशीनंतर प्रथमच उगवलेली, झपाट्याने वाढणारी, रक्त येणारी किंवा न भरणारी एकटी 'चामखीळ' त्वचेच्या कर्करोगाची असू शकते. तळपायावरील पसरता काळा डागही दुर्लक्षिण्याजोगा नाही. प्रौढ व्यक्तीस अचानक पुष्कळ चामखिळी आल्यास आणि त्या कोणत्याही उपचारास दाद देत नसल्यास प्रतिकारशक्ती क्षीण करणाऱ्या आजाराचा शोध घ्यावा लागतो. जननेंद्रियांवरील चामखिळींसाठी संकोच बाजूस सारून त्वचा व गुप्तरोग विभागात जावे आणि जोडीदाराचीही तपासणी करावी.

लसीविषयी गैरसमज

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या 'सर्व्हावॅक' या भारतीय एचपीव्ही लसीस २०२२ साली मान्यता मिळाली. ती ६, ११, १६ व १८ या प्रकारांविरुद्ध संरक्षण देते. ही लस गर्भाशयमुखाचा कर्करोग व जननेंद्रियांवरील चामखिळी टाळण्यासाठी आहे. हातापायांवरील साध्या चामखिळींचे प्रकार तिच्यात अंतर्भूत नाहीत. त्यामुळे लस घेऊनही बोटावर चामखीळ आली, म्हणून लस निष्फळ ठरली, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

उपाययोजना

१. चामखीळ उपटू, कापू वा कुरतडू नये. उपचार होईपर्यंत ती पट्टीने झाकावी.
२. घरात टॉवेल, वज्री, नेलकटर व पादत्राणे प्रत्येकाची स्वतंत्र असावीत.
३. जलतरण तलाव व वसतिगृहांच्या स्नानगृहांत रबरी चप्पल वापरावी. पोहून आल्यावर पाय कोरडे करावेत.
४. चामखीळ झालेल्या मुलास शाळेतून अथवा खेळातून वगळू नये. जागा झाकणे पुरेसे आहे.
५. बिब्बा, चुना-सोडा व चटका यांचे दुष्परिणाम शालेय आरोग्य शिक्षणात समाविष्ट करावेत.
६. निदानाविषयी शंका असल्यास मेडिकल, मेयो किंवा मिहान परिसरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवावे.

निष्कर्ष

चामखीळ हा विषाणूचा संसर्ग आहे. तो बहुतेकांत कालांतराने स्वतःहून बरा होतो आणि ज्यांत होत नाही त्यांच्यासाठी क्रमाक्रमाने वाढत जाणारे उपचार उपलब्ध आहेत. लोकोपचारांना मिळणारे यश काही अंशी शरीराच्या प्रतिकारशक्तीचे, तर काही अंशी मस व चामखीळ यांना एकच समजण्याच्या गल्लतीचे फलित आहे. या उपचारांची टवाळी करून लोकांचे मन वळणार नाही. ते कोठे लागू पडतात, कोठे पडत नाहीत आणि का, हे उलगडून सांगितल्यास वळू शकेल. जो विकार आपोआप जाण्याचा संभव आहे त्यासाठी कायमचा डाग पत्करू नये आणि जी वाढ आपोआप जाणार नाही तिला 'साधी चामखीळ' म्हणून घरी जाळत बसू नये. या दोन्ही चुका टाळण्याचा मार्ग एकच आहे. उपाय करण्याआधी ती वाढ नेमकी कोणती आहे, हे निश्चित करून घेणे.